बर्फ जास्त झाला तो दिवस

मी एक निळी पेटी बोलतेय. जेवणाचे डबे ठेवायची नाही आणि मासे विकायचीही नाही. हे दोन्ही गैरसमज माझ्या वाट्याला येऊन गेले आहेत. मी लसींची पेटी. लहान मुलांना टोचायच्या लसी थंड ठेवून डोंगरावर न्यायच्या, एवढंच माझं काम. एवढंच म्हणते खरी, पण त्यातच माझं सगळं आयुष्य गेलं, आणि त्यातला एक दिवस माझ्या मनातून अजून जात नाही. तो सांगावा म्हणून आज तोंड उघडलंय. एरवी मी तोंड उघडणं वाईटच, कारण झाकण उघडलं की थंडावा पळतो.

माझा जन्म एका कारखान्यात, साच्यातून झाला. बाहेरचं अंग निळं, आतलं पांढरं आणि दोन्हींच्या मध्ये फेसाचा जाड थर. माझ्याबरोबर त्या दिवशी ओळीनं जन्मलेल्या बहिणी कुठल्या कुठल्या देशात गेल्या, कोण जाणे. मला एका संस्थेनं घेतलं. दवाखाना जिथे पोहोचत नाही तिथे निदान माणूस पोहोचवायचा, असा त्या संस्थेचा साधा हिशेब. डोंगराच्या पायथ्याशी तिच्या तीन खोल्या होत्या. एका खोलीत तपासणी, एकीत बाळंतपणाचं टेबल, आणि तिसरीत उन्हावर चालणारा फ्रिज आणि मी.

माझ्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘यावर बसू नये.’ ज्यांना वाचता येतं तेच माझ्यावर जास्त बसले. लांबून पाहुणे यायचे, मला मध्ये ठेवून फोटो काढायचे आणि मग दमून माझ्यावरच टेकायचे. मी वजनाला कधी कुरकुर केली नाही. फक्त आत काय आहे हे त्यांच्यापैकी कुणी विचारलं नाही, एवढं मात्र मनाला लागायचं.

मला वाहायला मामा होते. ते कुणाचे मामा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्या भागाचेच मामा. संस्थेत येण्याआधी ते सिमेंटची पोती वाहायचे, म्हणून त्यांचा खांदा माझ्या पट्ट्याला दगडासारखा लागायचा. रोज सकाळी मला उचलताना म्हणायचे, “उठा बाईसाहेब, निघायचं ना?” अशा मानानं मला दुसऱ्या कुणी कधी हाक मारली नाही.

आणि ताई. ताई म्हणजे तिथली नर्स. बोलायला तुटक, चालायला पुढे, आणि हट्टी इतकी की एखाद्या घरात ‘नाही’ ऐकलं तर दुसऱ्या आठवड्यात त्याच घरी जाऊन पाणी मागायची. सुई टोचताना मूल किंचाळलं की म्हणायची, “रड रे राजा, मोठ्यानं रड. रडायला कुठे पैसे पडतात?” आई हसायची, आणि मूल आणखी जोरात रडायचं.

आता माझ्या कामातली एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या आतल्या चारही बाजूंना बर्फाचे चपटे डबे उभे करतात. मध्ये लसींच्या बाटल्या, वर स्पंज आणि मग झाकण. पण फ्रीजरमधून काढलेला डबा तसाच माझ्यात घालायचा नाही. टेबलावर ठेवायचा. त्याला घाम फुटू द्यायचा. मग कानाशी धरून हलवायचा. आत पाणी वाजलं, म्हणजे बर्फाचा राग उतरला. आता तो लसीच्या शेजारी ठेवायला हरकत नाही. कारण सगळ्यांना एकच भीती असते, ऊन लागून लस बिघडेल. थंडीनंही बिघडते हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. आमची त्रिगुणी लस तर गोठली की संपलीच. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, या तिघांना अडवायची ताकद तिच्यातून निघून जाते. वाईट हे, की वितळल्यावर ती पुन्हा पहिल्यासारखी दिसते.

नदीपलीकडे, दोन चढ चढून गेल्यावर एक वस्ती होती. तिथे आम्ही जायचो आणि माझं झाकण न उघडता परत यायचो. तिथे एका बाईचा शब्द चालायचा. ती सुईण होती. वस्तीतली बहुतेक माणसं तिच्याच हातात जन्मलेली, त्यामुळे मोठे बापयेही तिच्यापुढे आवाज खाली ठेवायचे. ती म्हणाली होती, “या वस्तीत सुई चालणार नाही.” आणि कुणाचीही पुढे यायची छाती नव्हती.

तिचं कारण आम्हाला फार उशिरा कळलं. पुष्कळ आधी कुणी तरी लोक गाडी घेऊन नदीपर्यंत आले होते, एका दिवसात सगळ्या पोरांना टोचून गेले आणि पुन्हा दिसले नाहीत. त्यात सुईणबाईचा नातूही होता. तो डांग्या खोकल्यानंच गेला. खोकून खोकून निळा पडायचा, आणि ती त्याची पाठ चोळत बसायची. “टोचलं होतं,” ती ताईला म्हणाली, “मीच धरला होता त्याला मांडीवर. तरी गेला. मग तुझी सुई कशाला हवी?”

पण ताईनं जाणं सोडलं नाही. कधी साबण घेऊन गेली, कधी नाळ कापायला नवी पाती घेऊन. एकदा एक बाळंतीण अडली तेव्हा सुईणबाईच्या शेजारी बसून तिनं हात दिला, आणि मूल बाहेर आल्यावर श्रेय मागितलं नाही. मी अंगणात बंद बसून सगळं ऐकत होते. असं वर्ष गेलं. मग सुईणबाईच्या सुनेला मुलगी झाली. एक दिवस ताई निघाली तेव्हा सुईणबाई दारातूनच म्हणाली, “पुढच्या खेपेला आण तुझ्या बाटल्या. सगळ्यांना सांगते. पण पहिली माझी नात.” आणि जरा थांबून म्हणाली, “हिला काही झालं, तर या अंगणात पुन्हा पाय ठेवायचा नाही.”

परतताना ताई त्या उतारावर चक्क गाणं म्हणत होती. आवाज बेताचाच होता. मामा म्हणाले, “ताई, पाखरं उडाली सगळी.” तरी ती थांबली नाही.

तो दिवस उजाडला तोच भाजत. वारा नाही, झाडाचं पान हलत नाही. एकदा, आधीच्या उन्हाळ्यात, वाटेतच बर्फाचं पाणी होऊन लस वाया गेली होती आणि मामांना बोलणी खावी लागली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मामांनी सकाळी फ्रीजर उघडला, दगडासारखे डबे काढले आणि टेबलावर न ठेवता तसेच माझ्यात उभे केले. वरून आणखी एक आडवा घातला. ताई पलीकडच्या खोलीत सुया आणि कापूस बांधत होती. तिनं तिथूनच विचारलं, “मामा, झालं का?” मामा म्हणाले, “झालं, झालं. चला, ऊन चढतंय.” रोज ती स्वतः एक डबा काढून कानाशी धरायची. त्या दिवशी धरला नाही. पोहोचायची घाई दोघांनाही होती.

वाटेत मला केवढा अभिमान वाटत होता! बाहेर दगड तापलेले, मामांच्या सदऱ्यातून घाम निथळतोय, आणि माझ्या पोटात हिवाळा.

अंगण भरलं होतं. बायांनी मुलांना न्हाऊ घातलं होतं, धुतलेली झबली घातली होती. वरच्या माळावरची एक गुराखीण उजाडायच्या आत घरून निघून आली होती. पाठीला तान्हा मुलगा बांधलेला, हाताला नुकतीच पळायला शिकलेली मुलगी. तिच्या पायांवर घोट्यापर्यंत धूळ होती. सुईणबाई नातीला मांडीवर घेऊन सगळ्यांच्या पुढे बसली होती, एखाद्या लग्नात वरमाय बसते तशी.

ताईनं हात धुतले, झाकण उघडलं, स्पंज बाजूला केला, एक बाटली उचलली आणि तिचा हात तिथेच थांबला. बाटलीत बर्फाचे कण होते. तिनं दुसरी काढली, तिसरी काढली. मग खाली वाकून, ओठ न हलवता विचारलं, “मामा, सकाळी पाणी वाजलं होतं ना?”

मामांचा चेहरा उतरला. “ऊन बघा ना ताई किती... म्हटलं, आजच्या दिवशी तरी काही कमी पडायला नको.”

माझं झाकण दोघांच्या मध्ये उघडं होतं, म्हणून पुढचं मी ऐकलं. मामा कुजबुजले, “आत्ता वितळेल ते. कुणाला कळणार आहे? विषारी तर नाही ना झाली?”

“विषारी नाही. पण आता त्यात काही राहिलं नाही. नुसतं पाणी टोचल्यासारखं होईल.”

“मग टोचा ना, ताई. पुढच्या खेपेला खरी टोचू. आज यांना परत पाठवलं तर पुन्हा एक माणूस यायचं नाही. तुमचं वर्ष पाण्यात जाईल. चूक माझी आहे, मला काढून टाका नोकरीवरून, पण यांना परत पाठवू नका.” मामांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं.

ताई कितीतरी वेळ माझ्यातच बघत राहिली. माझी खात्री आहे, टोचून मोकळं व्हावं असं तिलाही वाटलं. कुणाला नाही वाटणार? मग ती हळूच म्हणाली, “मामा, यांच्या नातवाला अशाच बाटलीतली लस टोचली गेली असेल तर?”

ती उठून उभी राहिली. शब्द तुटक आणि स्पष्ट होते. “मावशी, आजची लस बिघडली. आमच्याच हातून बिघडली. बर्फ जास्त झाला. आज कुणालाच टोचणार नाही. उद्या दुसरी घेऊन येते.”

मग सुईणबाईनं हात पुढे केला. “बघू.” तिनं बाटली उन्हात धरली. बर्फ एव्हाना विरघळला होता. “चांगली तर दिसतेय.”

“दिसतेच. म्हणून तर घोटाळा होतो.” ताईनं ती बाटली जोरात हलवली आणि ओट्यावर उभी ठेवली. “जरा थांबा.” सगळ्या बाया वाकून बघू लागल्या. हळूहळू पांढरा गाळ तळाला बसला आणि वर निवळ पाणी उरलं. “दूध एकदा नासलं की कितीही ढवळा, परत दूध होत नाही. तसं झालंय हे.”

सुईणबाई त्या बाटलीकडे बघत होती. मग तिनं विचारलं, “म्हणजे माझ्या नातवाची पण अशीच होती?”

“मला माहीत नाही, मावशी. मी तिथे नव्हते. असू शकेल.”

“त्यांना कळलं असेल?”

“तेही मला माहीत नाही.”

सुईणबाईनं नातीला खांद्यावर घेतलं, घरात गेली आणि दार लावून घेतलं. मग मात्र अंगणात गलका झाला. कुणी म्हणालं, वर्षभर गोड बोलून शेवटी हेच का? कुणी म्हणालं, आमची पोरं म्हणजे काय खेळ आहे? बाया मुलं उचलून एकेक करत निघून गेल्या. माळावरची गुराखीण तेवढी राहिली. ती म्हणाली, “मला उद्या यायला जमायचं नाही. उद्या आम्ही गुरं घेऊन आणखी वर जाणार. जे असेल ते दे माझ्या पोराला.”

“नाही देता येणार, बाई. खरंच त्यात काही नाही. तुम्ही कुठे असाल ते सांगा, मी वर येते.”

“गवत असेल तिथे,” ती म्हणाली. तिनं तान्ह्याला पुन्हा पाठीला बांधलं, मुलीचा हात धरला आणि त्याच धुळीनं माखलेल्या पायांनी चढाला लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही फ्रिजमधल्या नव्या बाटल्या घेऊन परत गेलो. निघण्याआधी मामांनी एकेक डबा कानाशी धरला, ताईच्या कानाशी धरला, पुन्हा स्वतःच्या कानाशी धरला. मला उचलताना मात्र ते काहीच बोलले नाहीत.

अंगण रिकामं होतं. ताई ओट्याच्या कडेला बसली. सावली सरकत गेली. एक कुत्रं येऊन मला हुंगून गेलं. मामा म्हणाले, “जाऊ या का?” ताई म्हणाली, “बसा.” मग दार उघडलं. सुईणबाई नातीला घेऊन बाहेर आली आणि ताईच्या समोर बसली. डोळे सुजलेले होते. “दाखव,” ती म्हणाली.

ताईनं बाटली हलवून ओट्यावर ठेवली. दोघी बघत राहिल्या. गाळ बसला नाही. बाटली दुधासारखी पांढरी ती पांढरीच राहिली.

“दे,” सुईणबाई म्हणाली. नात किंचाळली, पण ताईला त्या दिवशी काही विनोद सुचला नाही. सुईणबाई नातीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “तो गेला तेव्हा मी देवाला शिव्या दिल्या, सुनेला दिल्या, स्वतःच्या हातांना दिल्या. इतकी वर्षं. एवढं एक वाक्य कुणी येऊन सांगायला हवं होतं गं मला, की आमच्या हातून बिघडलं.” आणि ती रडली. ताईही रडली. मामा माझा पट्टा उगाच सोडत-बांधत राहिले.

मग सुईणबाई स्वतः घरोघर गेली. काही बाया आल्या, निम्म्याही नाहीत. पुढच्या खेपेला आणखी काही आल्या. ताई मला घेऊन वरच्या माळावरही गेली. विझलेल्या चुली सापडल्या, गुरांचं शेण सापडलं, माणसं सापडली नाहीत. वर जाणाऱ्या प्रत्येक गुराख्याजवळ तिनं निरोप धाडले. ते कुठपर्यंत पोहोचले कुणास ठाऊक.

थंडीत खोकला आला. वस्तीतल्या ज्या मुलांना तोवर सगळ्या मात्रा मिळाल्या होत्या ती तरली. माळावरचा तान्हा गेला.

त्याची आई खाली उतरली ती थेट आमच्या त्या तीन खोल्यांत. पाठ मोकळी होती. ताईनं तिला ओळखलं आणि ती खुर्चीवरून उठली. ती बाई म्हणाली, “त्या दिवशी टोचलं असतंस तर?”

“त्या सुईत काही नव्हतं, बाई. त्यानं तो वाचला नसता.” मग ताई खाली मान घालून म्हणाली, “बर्फ बरोबर असता तर... तर कदाचित.”

“मला वाटलं तरी असतं,” ती बाई म्हणाली, “की मी त्याच्यासाठी काहीतरी केलं.”

दाराशी मामा उभे होते, ते भिंतीला धरून खाली बसले. मी नुसती पेटी, मला कुणाचे डोळे पुसता येत नाहीत. त्या दिवशी याचं मला फार वाईट वाटलं.

मग त्या बाईनं मागे लपलेल्या मुलीला पुढे ओढलं आणि तिच्या झग्याची बाही वर केली. म्हणाली, “हिला दे. पण आधी हलवून बघ.”

ताईनं बाटली हलवली, टेबलावर ठेवली, आणि त्या आईला शेजारी उभी करून दोघींनी मिळून बघितलं.

आता मी जुनी झाले. झाकणाला तडा गेलाय, बिजागरी सैल झालीये, थंडावा धरवत नाही. माझ्या जागी नवी पेटी आलीये. मामांच्या जागीही दुसरा माणूस आलाय, कारण मामांचे गुडघे गेले. मला त्यांनी टाकून दिलं नाही. जिथे नव्या नर्सना शिकवतात त्या खोलीत मी असते. ताई माझं झाकण उघडते आणि बर्फाचं सगळं समजावून सांगते. सगळ्या पोरी लिहून घेतात. मग ती त्या दिवसाची गोष्ट सांगते, तेव्हा लिहिणं थांबतं. दरवेळी एखादी विचारतेच, “ताई, तुम्ही बरोबर केलंत असं वाटतं का तुम्हाला?” ताई म्हणते, “हो.” आणि मग माझं झाकण लावायला तिला जरा जास्तच वेळ लागतो.

तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. कधी तरी, कुठे तरी, मूल कडेवर घेऊन तुम्ही लांबून चालत जाल आणि एखादी नर्स तुम्हाला म्हणेल, आज लस बिघडलीये, आज देणार नाही, उद्या या. तुम्हाला राग येईल. येऊ द्या. तिला दोन शब्द बोला, ती ऐकून घेईल. पण उद्या या. ती तुमची वाट बघत बसलेली असेल.